प्रश्न क्रमांक चौदा

वर्षाराणी टेकाळे हिला सुरक्षिततेच्या पेपरात शंभरपैकी शंभर गुण मिळाले, तिचं नाव फळ्यावर लाल खडूनं लिहिलं गेलं आणि सातवी अ मधल्या एकशे अकरा मुलांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

हे काही झालेलं नाही. आपण असं समजू की शनिवार आहे, सकाळचे सव्वाअकरा वाजलेत आणि बिलकीस मॅडम बाकाखाली आहेत.

"डोकं आत," त्या बाकाखालून म्हणाल्या. "एक हात मानेवर. दुसऱ्या हातानं बाकाचा पाय धरायचा. बाक सरकला की आपणही सरकायचं."

एकशे बारा मुलं बाकांखाली शिरू लागली. एका बाकावर चार मुलं बसत, पण बाकाखाली तीनच मावत. त्यामुळे दर बाकामागं एक मूल भूकंपाला उघडं राहायचं. बिलकीस मॅडमनी याबद्दल दोनदा लेखी कळवलं होतं. 'पुढील शैक्षणिक वर्षी विचार करू' असं उत्तर आलं होतं. भूकंपालाही बहुधा तसंच कळवलं असावं.

"मॅडम," तिसऱ्या बाकाखालून सद्दामचा आवाज आला, "डाव्या बाजूनं आत जायचं का उजव्या? पेपरला येतंय का हे?"

"तू आधी आत जा."

"मी आतच हाय. अनसचा पाय माझ्या तोंडात हाय."

"मग बोलतोस कसा?"

"उरलेल्या तोंडानं."

बिलकीस मॅडम गुडघे झटकत उठल्या. वय चव्वेचाळीस, अंगात एक मिनिट स्वस्थता नाही. कुठल्याही खोलीत शिरल्या की त्या आधी दारं मोजायच्या. त्र्याण्णव साली किल्लारीकडची जमीन हलली तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या, डी.एड.चा निकाल नुकताच हातात आला होता, आणि पहिली नोकरी मिळाली ती औसा तालुक्यातल्या एका पत्र्याच्या शाळेत. त्या शाळेला एकच दार होतं आणि मुलं त्यातून आत यायला तयार नव्हती. महिनाभर शाळा लिंबाखाली भरली.

आता त्या लातूरच्या ज्या शाळेत होत्या, तिथंही भूकंपानंतर मंडळानं ठराव केला होता: आठवड्यातून एक तास भूकंप सुरक्षा. वेळापत्रकात त्याचं 'भू. सु.' झालं. पुढं ठराव करणारी माणसं गेली. शाळेच्या नावातलं 'विद्यालय' जाऊन 'अकॅडमी' आलं, मग 'फाउंडेशन' आलं. चित्रकलेचा तास गणितानं खाल्ला, खेळाचा तास भौतिकशास्त्रानं खाल्ला. 'भू. सु.' मात्र कुणी खाल्लं नाही, कारण ते नेमकं काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. भूमिती सुधारणा असावी, असा स्टाफरूममध्ये समज होता आणि बिलकीस मॅडमनी तो दूर केला नव्हता.

त्या पस्तीस मिनिटांत त्या पाच मिनिटं भूकंप शिकवत आणि तीस मिनिटं बाकीचं सगळं. हात कसे धुवावेत, क्लासला जाताना वडापावाऐवजी काय खावं, एका स्कूटीवर चौघींनी का बसू नये, झोप किती हवी. आणि अंगाला कुणी हात लावला तर काय करावं.

"अनोळखी माणसानं हात लावला तर ओरडायचं, हे तुम्हाला बालवाडीपासून पाठ आहे," त्या बाकांच्या मधून येरझारा घालत म्हणाल्या. "ओळखीच्यानं लावला तर?"

"ओळखीच्यानं लावला तर चालतंय की," अनस म्हणाला.

"आणि तुला आवडला नाही तर?"

अनसनं छताकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग शेजाऱ्याच्या वहीत. "पर्याय सांगा की मॅडम."

"पर्याय नाहीत."

वर्गात खळबळ उडाली. पर्याय नसलेला प्रश्न या मुलांनी तिसरीनंतर पाहिला नव्हता.

"तीन गोष्टी करायच्या," बिलकीस मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणायचं. तिथून निघायचं. आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला. दुसऱ्यानं नाही ऐकलं तर तिसऱ्याला."

"कितीपर्यंत?" सद्दामनं विचारलं.

"कुणीतरी ऐकेपर्यंत."

"म्हंजे अनंत," असं म्हणून सद्दामनं वहीत आडवा आठ काढला.

संध्याकाळपर्यंत सातवी अ नं त्याचं सूत्र केलं: ना + नि + सां. सोमवारी ते छापील सूत्रकार्डावर, घनफळाच्या खाली, विकायलाही आलं असतं. एकशे अकरा मुलांनी ते लिहून घेतलं. पहिल्या बाकावरच्या वर्षाराणी टेकाळेनं घेतलं नाही. ती अहमदपूरकडच्या एका खेड्यातून आलेली, गेल्या अकरा परीक्षांत पहिली आलेली मुलगी. बिलकीस मॅडमना वाटलं, तिला येत असेल.

*

लातुरात रविवार हा परीक्षेचा वार आहे. लोक सोमवारी विश्रांती घेतात, म्हणजे निकाल बघतात.

या शाळेत प्रत्येक विषयाचा पेपर गोल रंगवण्याचा असे. चित्रकलेचासुद्धा, आणि तसं पाहिलं तर तो मूळ विषयाच्या जवळ होता. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला उणे एक. सुरक्षितता व आरोग्याचा पेपर बिलकीस मॅडमनी काढायचा आणि संचालक शंकरप्पा सरांनी तपासायचा. 'तुमच्या वयात किती तास झोप हवी?' याचं उत्तर मॅडमनी 'नऊ' दिलं होतं. त्यापुढं सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बारावीनंतर.'

प्रश्न क्रमांक चौदा असा होता:

'ओळखीच्या व्यक्तीने तुम्हाला नको असलेला स्पर्श केला व कुणाला सांगू नको म्हटले, तर तुम्ही काय कराल? (अ) नाही म्हणेन, तिथून निघेन व मोठ्यांना सांगेन (ब) त्यांना भेटवस्तू देईन (क) अभ्यास करेन (ड) गप्प राहीन.'

पर्याय 'क' शंकरप्पा सरांचा. त्यांच्या मते तो कुठल्याही प्रश्नाला असायला हवा.

सोमवारी दहा वाजता उत्तरपत्रिका मशीनमधून गेल्या. मशीन पाशामियाँ चालवत. आधी त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे कागदाशी त्यांचे संबंध चांगले होते. बिलकीस मॅडमना ते आपा म्हणत.

"आपा, मुबारक," ते म्हणाले. "चौदा नंबरला एकशे अकरा बरोबर. एकच चूक. मोठे सर खूष हायेत, बॅनर करलालेत. वैयक्तिक सुरक्षितता, नव्याण्णव पूर्णांक एक दशांश टक्के."

"चूक कुणाची?"

"तेच तर. टेकाळे. पंचाण्णव पडले. एकवरून डायरेक्ट एकोणीस नंबर. स्टार बॅचमधून बाहेर. बापाला मेसेज गेला बी."

मेसेज मशीनच पाठवायचं. 'आपल्या पाल्याचा क्रमांक १ वरून १९ वर घसरला आहे. हार्दिक अभिनंदन.' शेवटचे दोन शब्द काढायचे कसे, हे कुणाला सापडलं नव्हतं.

बिलकीस मॅडमनी उत्तरपत्रिका मागून घेतली आणि उभ्याउभ्या खिडकीपाशी धरली. बरीच वर्षं गोल बघून त्यांना एक कळायला लागलं होतं. अंदाजानं रंगवलेला गोल फिका असतो. कड सुटते, मधे पांढरं राहतं. घाईत चुकलेल्या गोलाशेजारी खोडरबराचा धूर असतो. चौदा नंबरला 'ड'चा गोल काळाभोर होता, कडेपर्यंत भरलेला, कागद मागून उचलून आलेला. पंचवीस गोलांत तोच सगळ्यांत काळा.

"मशीन को क्या समजता, आपा," पाशामियाँ म्हणाले. "उसको काला दिखा, उसने गिन लिया."

"पाशाभाई, टेकाळेला बोलवा. आणि तुम्ही दारात बसा. दार उघडंच राहू द्या, पण कुणाला आत सोडू नका."

"मोठ्या सरांना बी नाही?"

"त्यांना तर नाहीच."

*

वर्षाराणी आली ती पळत, कारण पुढच्या बॅचला सात मिनिटं होती. दोन वेण्या, हातात सूत्रकार्ड, डोळे कार्डावर.

लिंबाखालच्या त्या शाळेत बिलकीस मॅडम एक गोष्ट शिकल्या होत्या. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला प्रश्न विचारायचा नाही. शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. फोडत राहायच्या. आपण थांबलो की तेही थांबतं.

इथं शेंगा नव्हत्या. त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा फरशीवर ओतला.

"क्रमानं लावू लाग मला."

दोघी खाली बसल्या. एक, दोन, तीन. पुढच्या बॅचला मुलं धावत गेली. अठरा, एकोणीस. वर्षाराणीचा पाय हलत होता.

"माझं चौदा चुकलं ना मॅडम?"

"मशीन म्हणतंय तसं."

"मोठे सर म्हंतात, खात्री असंल तरच गोल भरा, न्हाई तर मार्क कटतो." तिनं तेविसावी उत्तरपत्रिका बाविसाव्यावर ठेवली. "मला 'अ'ची खात्री न्हवती. 'ड'ची होती."

बिलकीस मॅडमचा हात जागच्या जागी थांबणार होता. त्यांनी तो थांबू दिला नाही. चोवीस. पंचवीस.

"कधीपासून आहे खात्री?"

"पोळ्यापासून."

सव्वीस. सत्तावीस.

"मेसवाले तात्या डबा देतात," वर्षाराणी म्हणाली. "हातात डबा देतात अन् हात सोडत न्हाईत. आधी तेवढंच. मग आत ये म्हंतात, लोणचं घेऊन जा म्हंतात." तिनं एकतिसावी उत्तरपत्रिका एकोणतिसाव्याच्या आधी लावली. तिच्या हातून क्रम चुकलेला बिलकीस मॅडमनी पहिल्यांदाच पाहिला. "मी 'ना' म्हनलं मॅडम. दोनदा म्हनलं. पण 'नि' कसं करायचं? माझी खोली बी त्यांचीच हाय, वरची."

"आणि 'सां'?"

"तात्या म्हंतात, सांगितलंस तर बाप बॅचमधून काढून न्हेतोय. तुझं डॉक्टर व्हायचं ऱ्हातंय." तिनं सूत्रकार्ड उलटं केलं, सरळ केलं. "मग मी इचार केला, गप ऱ्हावं. पण पेपरात कशाला खोटं लिवायचं? निगेटिव्ह असतंय."

शेंगा फोडताना मान वर करायची नसते. बिलकीस मॅडमनी मान वर केली नाही.

"वर्षाराणी, आत्ता तू काय केलंस?"

"काय केलं?"

"सांगितलंस."

मुलीनं जरा विचार केला. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे तुझ्यामुळं झालेलं नाही. आणि आजपासून तू त्या खोलीवर जायचं नाहीस. एकदाही नाही."

"अन् डबा?"

"डबा मी आणते."

"माझी बॅच चालू झाली मॅडम."

"होऊ दे."

वर्षाराणीनं दाराकडं पाहिलं. दारात पाशामियाँ पाठ करून बसले होते. वेळेवर न जाण्याची परवानगी आपल्याला मिळाली आहे, यावर तिचा विश्वास बसायला आणखी नऊ उत्तरपत्रिका लागल्या.

*

शंकरप्पा सर बॅनरचं डिझाइन बघत होते. बिलकीस मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानं, मोजक्या शब्दांत त्यांनी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. ते गणिताचे होते.

"एकच पोरगी म्हणते ना?" ते म्हणाले. "एकशे अकरा तर 'अ' म्हणलालेत."

"सर, त्या मेसवर आपली किती मुलं आहेत?"

"चाळीस असतील."

"म्हणजे उरलेल्या एकोणचाळीस जणांना विचारायला हवं."

"विचारलंय की. चौदा नंबरला. सगळ्यांनी बरोबर लिहिलंय." सरांनी पेन काढलं. "एक काम करू. पालक हरकत घ्यायला येणारच आहे. हरकत मान्य करू. प्रश्न रद्द. सगळ्यांना चार-चार गुण. पोरीचे शंभर होतात, बाप खूष, पोरगी स्टार बॅचमध्ये, उत्तरपत्रिका रद्दीत. प्रश्नच नसला की चूक कुणाची राहत नाही."

"आणि तात्या?"

"त्यांचा पेपरशी काय संबंध?"

"सर, पोलिसांत कळवावं लागतं. कायदा आहे. माहीत असून कळवलं नाही तर आपल्याला शिक्षा आहे."

"किती?"

"मला सहा महिन्यांपर्यंत. संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत."

शंकरप्पा सरांनी भिंतीवरच्या वार्षिक नियोजनात एक वर्ष कुठं बसतंय ते पाहिलं. बसत नव्हतं.

"तुम्ही कळवा," ते म्हणाले. "शाळेच्या फोनवरून नका कळवू."

*

अण्णाराव टेकाळे एक वाजता पोचले. मोटारसायकलवर साठ-पासष्ट किलोमीटर, डोक्याला टॉवेल, भुवयांवर धूळ, आणि खिशात हरकतीचा अर्ज तीन प्रतींत. गावात ते बांधाच्या भांडणात दोन्हीकडून बोलावले जाणारे गृहस्थ. मुद्दा मांडायचा तर असा, की समोरच्यानं स्वतःहून बांध मागं घ्यावा.

पाशामियाँनी त्यांना स्कॅनिंगच्या खोलीशेजारच्या व्हरांड्यात आणलं. वर्षाराणी आतच होती. तिचे अठ्ठ्याण्णव कागद लावून झाले होते.

"रामराम म्याडम. चौदा नंबरवर हरकत हाय आपली."

"बसा ना भाऊ."

"बसत न्हाई. आधी मुद्दा ऐका." त्यांनी अर्ज पुढं केला. "तुम्ही इचारलं, तू काय करशील. बरुबर? हिनं लिवलं, गप ऱ्हाईन. आता मला सांगा, यात चूक काय हाय? आमची पोरगी खोटं बोलत न्हाई. गावात कुणालाबी इचारा. तिनं लिवलं म्हंजे ती तसंच करती. ती गपच ऱ्हाती ओ. पोळ्याला आलती, चार दिवस घरात होती, तोंडातून सबद न्हाई. दिवाळीला आली तरी तेच. माय म्हनली अभ्यासाचं डोक्यात आसंल. म्हंजे पुरावा हाय आमच्याकडं, की ही पोरगी खरंच गप ऱ्हा..."

अर्ज तसाच पुढं धरलेला राहिला. तो घेणारं कुणी नव्हतं आणि मागं घ्यावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"परत वाचा एकदा प्रश्न," बिलकीस मॅडम हळू म्हणाल्या.

त्यांनी वाचला. ओठ हलवत, बोट ठेवून, सातबारा वाचावा तसा. 'ओळखीच्या व्यक्तीने' इथं बोट बराच वेळ थांबलं.

"कोन?"

"तीच सांगेल. तुम्ही विचारू नका. आत जाऊन शेजारी बसा आणि ती करतेय ते करू लागा."

"काय करलाली ती?"

"कागद लावतेय."

अण्णाराव आत गेले. चप्पल बाहेर काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी उरलेल्या कागदांतला एक उचलला. त्यांना आकडे दिसत नसावेत, कारण एकशे सातनंतर त्यांनी शंभर ठेवला. वर्षाराणीनं तो काढून जागेवर लावला. त्यांनी पुन्हा चुकीचा ठेवला. तिनं पुन्हा काढला. असं पाच-सहा वेळा झालं आणि मग ती बोलायला लागली.

बिलकीस मॅडम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, तिथून परत आल्या, परत गेल्या. पाशामियाँनी न विचारता स्वतःचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी मुलांच्या मदतीचा नंबर, दहा नऊ आठ, लावला. हा नंबर मुलांकडून पाठ करून घेताना मुलं त्याचे अवयव पाडायची. वर्गातल्या फळ्यावर तो दोन गुणिले नऊ गुणिले एकसष्ट असा लिहिलेला होता. पलीकडं एक बाई होत्या. त्यांनी एकही पर्याय दिला नाही. विचारलं आणि थांबल्या.

बाहेर आले तेव्हा अण्णारावांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"तात्याला देवमानूस म्हनत होतो म्याडम आमी. गावाकडनं शेंगा पाठवल्या पोतंभर."

"फोन केलाय. पोलीस बाई येतायत, साध्या कपड्यात येतील. तुम्ही आणि वर्षाराणीची आई, दोघांच्या समोर तिचं ऐकून घेतील."

"मी जाऊन येऊ का त्याच्याकडं आधी?"

"कशाला?"

अण्णारावांनी आपल्या हातांकडं पाहिलं. मुद्दा त्यांच्याकडं होता, पण तो तोंडानं मांडायचा नव्हता.

"नका जाऊ," बिलकीस मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आत गेलात तर तिच्या बाजूनं कोण राहील?"

ते जोत्यावर बसले. हातातल्या तीन प्रतींची त्यांनी घडी घातली, मग उलगडल्या, मग पुन्हा घातली.

"गुण वाढवायला आलतो मी," ते म्हणाले. "पाच गुणांसाठी."

बिलकीस मॅडमना वाटलं, सांगावं की मीही तिला समोर बसवून शिकवत होते, आठवड्यातून पस्तीस मिनिटं, आणि ती लिहून घेत नाही याचा अर्थ तिला येतंय असा लावला. त्यांनी सांगितलं नाही. तिथंच येरझारा घातल्या.

चार वाजेपर्यंत बाई येऊन गेल्या. पोलिसांबरोबर जाऊन पाशामियाँनी खोलीवरची पेटी आणली. पोरगी कधी बोलेल याची आई दिवाळीपासून वाट बघत होती हे आईलाच आत्ता फोनवर कळलं. वर्षाराणीचं म्हणणं आईसमोर ऐकायला दुसऱ्या दिवशी बाई गावी जाणार होत्या. संध्याकाळी तात्यांना चौकशीसाठी नेलं. शाळेत तातडीची बैठक भरली. विषय एकच होता: आजचे चाळीस डबे कोण देणार.

निघताना अण्णारावांनी मुलीला विचारलं, "मोटारसायकलवर येतीस का यष्टीनं जायचं?"

वर्षाराणीनं मोटारसायकलकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

इतर कुठल्याही दिवशी त्यांनी 'चल, बस मागं' म्हटलं असतं. आज ते मोटारसायकलच्या शेजारी उभे राहिले. पाशामियाँनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग खाली ठेवली. एक बॅच सुटली, दुसरी भरली. गाड्यांची गर्दी झाली, ओसरली. बिलकीस मॅडमही एका जागी उभ्या राहिल्या, आणि हे त्यांना बरंच अवघड गेलं.

वीस मिनिटांनी वर्षाराणी म्हणाली, "यष्टीनं. खिडकीपाशी."

"बरं," अण्णाराव म्हणाले, आणि मोटारसायकलची किल्ली त्यांनी पाशामियाँच्या हातात दिली.

*

आता जे झालं नाही असं आपण समजलो होतो, ते मंगळवारी सकाळी झालं. प्रश्न रद्द झाला, सगळ्यांना चार-चार गुण मिळाले, नाव फळ्यावर चढलं, टाळ्या वाजल्या. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती, म्हणून टाळ्या फळ्याकडं बघून वाजवण्यात आल्या. सद्दामनं हात वर करून विचारलं, "मॅडम, टेकाळे कुठं गेली?" बिलकीस मॅडम म्हणाल्या, "घरी." त्यानं विचारलं, "परत कधी येती?" उत्तर माहीत नसलेल्या मॅडम सातवी अ नं पहिल्यांदाच पाहिल्या.

गेटवर बॅनर लागलं. वैयक्तिक सुरक्षितता: शंभर टक्के निकाल.

मधल्या सुट्टीत बिलकीस मॅडम रिकाम्या वर्गात गेल्या. दारं दोन. पहिल्या बाकावर बसल्या. बसून त्यांनी फुलस्केप कागद घेतला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, आणि अर्ज एकटाकी लिहून काढला.

'प्रति, मा. संचालक.

विषय: प्रश्न क्र. १४ पुन्हा विचारण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रश्न रद्द करण्यात आला असला तरी त्याचे उत्तर रद्द झालेले नाही. एका विद्यार्थिनीने ते खरे लिहिले. उर्वरित एकशे अकरा विद्यार्थ्यांनी बरोबर लिहिले आहे. ते खरे आहे किंवा कसे, याची खातरजमा झालेली नाही.

करिता त्यांपैकी प्रत्येक विद्यार्थ्यास हा प्रश्न एकेकट्याने, तोंडी, पर्यायांविना विचारण्यास आणि उत्तर येईपर्यंत थांबण्यास परवानगी असावी. अनुभवाअंती प्रत्येकी वीस मिनिटे पुरतात असे दिसते. एकूण सदतीस तास लागतील. शनिवारच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे काम चौसष्ट आठवडे चालेल व तोवर मुले आठवीच्या वार्षिक परीक्षेला बसलेली असतील. सबब सदतीस तास सलग मिळावेत.

तसेच मुलांचे लक्ष इतरत्र राहू नये म्हणून तेवढा काळ लातूर शहरातील सर्व परीक्षा तहकूब ठेवण्यात याव्यात, ही नम्र विनंती.'